परदेशात राहून पुण्यातील बिल्डरविरुद्ध तक्रार: कोणता कागद आधी आणि कोणता नंतर

मुलगा ह्यूस्टनला, करारनाम्यावर सही त्याची, हप्ते त्याच्या खात्यातून गेलेले आणि फाइल घेऊन चकरा मारणारे वडील कोथरूडला, अशी स्थिती पुण्यातील असंख्य घरांत आहे. ठरलेल्या तारखेला फ्लॅटचा ताबा मिळत नाही, बिल्डरच्या कार्यालयातून दर दिवाळीला नवी तारीख मिळते आणि अखेर घरचे लोक तक्रार करायचे ठरवतात. मग बहुतेक जण सर्वांत आधी एकच गोष्ट करतात: नेटवरून मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा, मसुदा काढून मुलाची सही मागवतात. प्रकरण तिथेच अडते, कारण काय मागायचे आणि कोठे मागायचे हे ठरण्याआधी केलेल्या मुखत्यारपत्रात नेमका लागणारा अधिकार नसतो आणि ते पुन्हा करून मागवण्यात महिने जातात.

पुढील टप्पे बांधकाम चालू असताना थेट बिल्डरकडून घेतलेल्या निवासी फ्लॅटच्या तक्रारीसाठी आहेत. जुन्या मालकाकडून घेतलेली घरे आणि भाडेकरूंचे वाद यांचा मार्ग वेगळा असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

टप्पा १: आधी मागणी ठरवा

स्थावर संपदा अधिनियम २०१६, म्हणजे ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याच्या कलम १८ नुसार ताब्याला उशीर झाल्यास घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. घर हवेच असेल तर प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या आधारदरापेक्षा) दोन टक्क्यांनी जास्त असते. परताव्याचा हक्क बिल्डरच्या अडचणींवर अवलंबून नाही, तो विनाअट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. ताबा मिळालेला असेल आणि इमारतीत रचनात्मक दोष निघाला असेल तर कलम १४ लागू होते. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष कळवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

घरातील सर्वांनी एकत्र बसून, परदेशातील मालकाला व्हिडिओ कॉलवर घेऊन, हा निर्णय लेखी करावा. वडिलांना वाटते घर राहावे, मुलाला वाटते पैसे सुटावेत आणि तक्रारीत दोन्ही मागण्या एकाच दमात लिहिल्या जातात; अशा तक्रारीत पहिलाच प्रश्न "तुम्हाला नेमके काय हवे आहे?" असा येतो आणि त्याचे उत्तर देताना मुखत्याराची अडचण होते. फ्लॅट नवराबायकोच्या नावावर असेल तर दोघांचा निर्णय एक असला पाहिजे, कारण तक्रारदार म्हणून दोघांचीही नावे लागतात.

*सावधान:* भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला) मिळून बिल्डरने ताबा देऊ केला असेल, तर ग्राहक आयोगात पूर्ण परतावा मागणे फार अवघड होते. परतावा हवा असेल तर त्या आधीच लेखी मागणी करावी.

टप्पा २: तारखा आणि पैसे यांचा तक्ता तयार करा

कागदांचा गठ्ठा वकिलाकडे नेऊन टाकण्यापेक्षा एका पानाचा तक्ता जास्त उपयोगी पडतो. त्यात नोंदणीकृत करारनाम्याची तारीख, करारातील ताब्याची तारीख, प्रत्येक हप्त्याची रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून गेली आणि बिल्डरची पावती क्रमांकासह, हे सर्व यावे. करारनाम्याची सूची क्रमांक दोनची (नोंदणी कार्यालयातील नोंदीच्या उताऱ्याची) प्रत, बिल्डरची मागणीपत्रे, ईमेल आणि महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरील प्रकल्पाचे पान त्याला जोडावे. पुणे जिल्ह्यातील प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक पी५२१ ने सुरू होतो. करारनाम्यावरील क्रमांक आणि संकेतस्थळावरील क्रमांक ताडून पाहावा, कारण एकाच गृहसंकुलाच्या प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असू शकते आणि तक्रार चुकीच्या टप्प्याविरुद्ध दाखल झाल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत.

येथे सर्वांत महत्त्वाची चूक तारखेची होते. बिल्डर महारेराकडे मुदतवाढ घेतो, संकेतस्थळावर नवी तारीख दिसते आणि लोक तीच तारीख धरून उशीर मोजतात. उशीर मोजायचा तो करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपासून. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हेच सांगितले. करारात तारीखच नसेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात तीन वर्षांचा कालावधी वाजवी मानला आहे, त्याचा आधार घ्यावा.

परदेशातून फोनवर फ्लॅट ठरवणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते: करारनामा नोंदवण्याआधीच वीस-तीस टक्के रक्कम गेलेली असते. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ प्रमाणे मनाई आहे. हा भंग तक्रारीत स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडावा.

*तपासून पाहा:* प्रत्येक हप्ता एनआरई खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईचे खाते) गेला, एनआरओ खात्यातून (त्याच्या भारतातील उत्पन्नाचे खाते) गेला की थेट परदेशी बँकेतून आला? बँकेकडून तसा दाखला आताच मागून ठेवावा. त्याची गरज सर्वांत शेवटी, परत आलेले पैसे परदेशी नेताना पडते आणि तेव्हा जुन्या नोंदी काढणे जड जाते.

*तपासून पाहा:* करारनाम्यातील नाव आणि पासपोर्टवरील नाव एकच आहे का? आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, परदेशात अनेकदा ते गळते, आणि लग्नाआधी घेतलेल्या फ्लॅटवर माहेरचे आडनाव राहते. फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मुखत्यारपत्रासोबतच करून घ्यावे, म्हणजे दुसऱ्यांदा नोटरीकडे जावे लागत नाही.

टप्पा ३: महारेरा की ग्राहक आयोग, हे एकदाच ठरवा

दोन्ही ठिकाणी जाण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पीरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात मान्य केले. पण त्याच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, एक मार्ग निवडावा लागतो.

परतावा किंवा उशिराचे व्याज हीच मुख्य मागणी असेल तर माझा कल महारेराकडे असतो. तक्रारीचे शुल्क पाच हजार रुपये आहे, सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होते आणि व्याजाचा दर नियमातच ठरलेला असल्याने त्यावर वाद कमी होतो. नुकसानभरपाई वेगळी हवी असेल तर ती महारेरातील न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे स्वतंत्रपणे मागावी लागते.

मानसिक त्रास, भाड्याचा खर्च, अपुऱ्या सुविधा अशा अनेक मागण्या एकत्र करायच्या असतील तर ग्राहक आयोग सोयीचा पडतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे येथे फ्लॅटची किंमत पाहिली जात नाही, प्रत्यक्ष दिलेला मोबदला पाहिला जातो. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, पन्नास लाख ते दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. नव्वद लाखांच्या फ्लॅटसाठी पंचेचाळीस लाख भरले असतील तर तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगातच जाते, हे अनेकांना माहीत नसते. शुल्क पाच लाखांपर्यंत काहीच नाही आणि वीस ते पन्नास लाखांपर्यंत एक हजार रुपये आहे.

*सावधान:* ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. ती उलटल्यास उशिराचे कारण पटवून द्यावे लागते. "मी परदेशात होतो" हे कारण एकट्याने पुरत नाही.

*सावधान:* तक्रारदार राहतो तेथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्यात आहे, पण तिचा अर्थ भारतातील आयोगाच्या हद्दीत राहणे असा आहे. परदेशस्थ मालकाने बिल्डरचे कार्यालय आणि व्यवहार पुण्यात झाला या आधारावरच पुण्यात तक्रार करावी, वडिलांच्या पत्त्यावर भिस्त ठेवू नये.

फ्लॅट भाड्याने देण्याचा विचार असल्याने आपण ग्राहक नाही, असा आक्षेप बिल्डरकडून हमखास येतो. एखादा फ्लॅट घेतला म्हणून तो व्यापार ठरत नाही आणि व्यापारी हेतू सिद्ध करण्याचा भार बिल्डरवर असतो. तरीही खरेदीच्या वेळच्या ईमेलमध्ये "परतल्यावर राहण्यासाठी" असे कोठे लिहिले असेल तर ते शोधून ठेवावे.

टप्पा ४: मुखत्यारपत्र

आता मुखत्यारपत्राकडे यावे, कारण आता त्यात काय लिहायचे ते कळलेले असते. मी नेहमी विशेष मुखत्यारपत्र सुचवतो. फ्लॅटचा क्रमांक, प्रकल्पाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि करारनाम्याची तारीख लिहून त्याच एका प्रकरणापुरते अधिकार द्यावेत. विक्रीसकट सगळे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र वकिलाला किंवा ओळखीच्या एजंटला दिले तर जोखीम मोठी असते. शिवाय जवळच्या नातेवाइकाखेरीज कोणाला विक्रीचा अधिकार दिल्यास विक्रीइतके मुद्रांक शुल्क लागू शकते.

अधिकारांमध्ये पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: तक्रार दाखल करणे, वकील नेमणे, महारेराच्या सलोखा मंचात (समेट घडवणाऱ्या मंचात) तडजोड करणे, अपील करणे, वसुलीसाठी जिल्हाधिकारी आणि तहसीलदार कार्यालयात अर्ज करणे. परतावा मागायचा असेल तर रद्दलेखावर (करारनामा रद्द करणाऱ्या दस्तावर) सही करून तो नोंदवण्याचा अधिकार नक्की लिहावा. येथेच बहुतेकांची गाडी अडते. माझ्या भाच्याच्या प्रकरणात बिल्डर तडजोडीला तयार झाला, धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) तयार होता, पण मुखत्यारपत्रात रद्दलेखाचा शब्द नव्हता आणि नव्या कागदासाठी आठ आठवडे गेले. एवढ्या दिवसांत बिल्डरने पुन्हा घासाघीस सुरू केली.

मुखत्यार म्हणून दोघांची नावे द्यावीत, एकत्र किंवा स्वतंत्रपणे काम करता येईल अशी. वडिलांचे वय झालेले असते, प्रकरण लांबते, आणि एकट्याच्या प्रकृतीवर सर्व अवलंबून ठेवणे बरे नाही.

सही कोठे आणि कशी करायची, हे मालक राहतो त्या देशावर ठरते. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे परदेशातील व्यक्तीचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर सही करून प्रमाणित झालेले असावे लागते. त्यापुढे दोन वाटा आहेत.

अपोस्टिल म्हणजे एका देशातील कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणपत्र. त्याच्या आंतरराष्ट्रीय करारातील देशांत स्थानिक नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल घ्यावे. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत अपोस्टिल त्या राज्याचे सचिव कार्यालय देते, आणि न्यूयॉर्क शहरात नोटरीची सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याचे विधिमान्यता कार्यालय हे काम करते. सिंगापूर १६ सप्टेंबर २०२१ पासून आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून या करारात आहे. त्याआधीच्या अनुभवावर सल्ला देणाऱ्यांचे ऐकून कॅनडातील मालकांनी दूतावासाच्या रांगेत वेळ घालवू नये.

संयुक्त अरब अमिराती या करारात नाही, म्हणून दुबई-अबुधाबीतील मालकांनी भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा दूतावासातच सही करावी. जर्मनीने या करारातील भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे. त्यामुळे तेथील अपोस्टिलवर विसंबू नये, भारतीय दूतावासाचाच मार्ग धरावा. पुण्यातून म्युनिक-स्टुटगार्टकडे गेलेल्या अभियंत्यांची संख्या पाहता ही चूक वारंवार होते.

मूळ कागद पुण्यात पोचला की दुसरे घड्याळ सुरू होते. राज्याबाहेर केलेला दस्त महाराष्ट्रात प्रथम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावा लागतो. त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून शुल्क ठरवून घ्यावे. एवढ्या मर्यादित अधिकारांच्या कागदाला ते सहसा पाचशे रुपये असते. मुदत चुकली तर दंड किरकोळच बसतो, पण तो भरेपर्यंत कागद पुरावा म्हणून वाचला जात नाही, आणि हे सहसा पहिल्या सुनावणीतच उघड होते.

*तपासून पाहा:* कुरिअरचे पाकीट आणि पावती फेकू नये. कागद कधी पोचला याचा तोच पुरावा असतो.

*सावधान:* स्कॅन केलेल्या प्रतीवर तक्रार तयार करता येते, पण मूळ कागद मुद्रांकित होण्याआधी सुनावणीची घाई करू नये.

टप्पा ५: नोटीस

वकिलाची नोटीस बंधनकारक नाही. तरीही ईमेल आणि नोंदणीकृत टपालाने एक मुद्देसूद पत्र पाठवावे, त्यात टप्पा १ मधील मागणी, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत असावी. फोनवर बोलणी चालू ठेवू नयेत.

*सावधान:* याच काळात बिल्डर ताब्याचे पत्र पाठवून त्यासोबत "उशिराबद्दल कोणतीही तक्रार नाही" अशा हमीपत्रावर सही मागतो. सही करू नये. चावी घ्यावीच लागली तर उशिराच्या व्याजाचा हक्क राखून ठेवल्याचे लेखी कळवून घ्यावी. ताब्याआधी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागावी: बाणेर-खराडीकडे पुणे महापालिकेचे, वाकड-रावेतला पिंपरी चिंचवड महापालिकेचे, हिंजवडी-मारुंजीकडे पीएमआरडीएचे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे). केवळ बांधकाम पूर्ण झाल्याचा वास्तुविशारदाचा दाखला म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नव्हे.

टप्पा ६: तक्रार, शपथपत्र आणि सुनावणी

महारेराची तक्रार त्यांच्या पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. ग्राहक आयोगासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. खाते मालकाच्या नावाने उघडावे, पण ईमेल आणि मोबाइल मुखत्याराचा किंवा दोघांचाही द्यावा. नाहीतर तारखेची सूचना फक्त अमेरिकेतल्या नंबरवर जाते आणि रात्री तीन वाजता आलेला संदेश सकाळी वाचायचा राहून जातो.

शपथपत्राबाबत एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे: मुखत्यार आहे म्हणजे तो मालकाच्या वतीने सर्व काही शपथेवर सांगू शकतो. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये जानकी वासदेव भोजवानी प्रकरणात स्पष्ट केले आहे की, जे मालकाला स्वतःला माहीत आहे त्याबद्दल मुखत्यार साक्ष देऊ शकत नाही. विक्री अधिकाऱ्याने मालकाला फोनवर काय आश्वासन दिले, कोणत्या जाहिरातीवर विश्वासून रक्कम भरली, हे मालकानेच शपथेवर सांगायचे. म्हणून त्याचे शपथपत्र परदेशात मुखत्यारपत्रासोबत एकाच फेरीत करून घ्यावे. वडिलांनी बांधकामावर जाऊन काय पाहिले, कार्यालयात कोण भेटले, हे वडिलांनी आपल्या शपथपत्रात लिहावे. दोन शपथपत्रे, दोन वेगळे विषय.

महारेरात युक्तिवाद स्वतः करता येतो किंवा कलम ५६ प्रमाणे वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव यांच्याकरवी. ग्राहक आयोगात दूरदृश्य सुनावणीसाठी अर्ज करावा लागतो, तो तक्रारीसोबतच द्यावा. तेथे बिल्डरला उत्तरासाठी तीस अधिक पंधरा असे पंचेचाळीस दिवसच मिळतात आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. त्यामुळे सेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर न आल्याची नोंद करून घेण्यास विसरू नये. महारेराच्या सलोखा मंचात जायचे असेल तर किमान मान्य रक्कम आधी मालकाकडून ईमेलवर घेऊन ठेवावी.

टप्पा ७: आदेश मिळाल्यावर

आदेश हातात आला म्हणजे पैसे आले, असे समजून घरी पेढे वाटले जातात आणि फाइल कपाटात जाते. आदेशातील मुदत संपल्यावर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मग महारेरा वसुली वॉरंट काढते, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून तहसीलदारांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. बिल्डरच्या मालमत्तेची माहिती, म्हणजे न विकलेले फ्लॅट आणि जमिनींचे सातबारे, तक्रारदाराने स्वतः गोळा करून दिली तर कामाला गती येते. तहसील कार्यालयात दर पंधरवड्याला जाणारा माणूस लागतो, हे खरे आहे, आणि मुखत्यारपत्रातील त्या अधिकाराचा उपयोग येथे होतो.

बिल्डर अपिलात गेला तरी घाबरू नये. खरेदीदाराला द्यायची संपूर्ण रक्कम व्याजासह जमा केल्याशिवाय अपील न्यायाधिकरण त्याचे अपील ऐकत नाही, अशी कलम ४३ (५) ची तरतूद आहे. ती जमा झाली का, हे पहिल्याच तारखेला विचारावे. आपल्याला अपील करायचे असेल तर साठ दिवस असतात.

*सावधान:* बिल्डर कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली तर वसुली थांबते. तेव्हा फ्लॅटधारकाने वित्तीय धनको, म्हणजे कंपनीकडून पैसे येणे असलेला, म्हणून फॉर्म सीए भरून दावा दाखल करायचा असतो. याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि परदेशात राहणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. कंपनीचे नाव अधूनमधून एनसीएलटीच्या (दिवाळखोरीची प्रकरणे चालवणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) संकेतस्थळावर तपासण्याचे काम घरातील एकाकडे सोपवावे.

टप्पा ८: रक्कम घेताना

रद्दलेख आधी नोंदवा, मग पैसे देऊ, अशी मागणी बिल्डर करतो. ती मान्य करू नये. दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दलेखाची नोंदणी आणि धनाकर्ष हातात येणे एकाच वेळी व्हावे आणि धनाकर्षाचा क्रमांक रद्दलेखात लिहिला जावा. गृहकर्ज असेल तर बँकेला आधी कळवावे, कारण रकमेवर पहिला हक्क तिचा आहे. मूळ करारनाम्यावर भरलेल्या मुद्रांक शुल्काचा परतावा मिळण्याची सोय आहे, तिला मुदत असल्याने अर्ज त्याच आठवड्यात करावा.

रक्कम कोणत्या खात्यात घ्यायची, हे टप्पा २ मधील बँक दाखल्यावर ठरते. मूळ हप्ते एनआरई खात्यातून किंवा परदेशातून बँकेमार्फत आले असतील, तर व्यवहार रद्द झाल्यावर परत मिळालेली रक्कम, तिच्यावरील व्याजातून कर वजा करून, एनआरई खात्यात जमा करता येते. एनआरओ खात्यातून भरलेले हप्ते एनआरओ खात्यातच परत घ्यावे लागतात आणि तेथून वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर नेता येतात. दोन्ही प्रकारचे हप्ते असतील तर बिल्डरकडून दोन वेगळे धनाकर्ष मागावेत. एकच धनाकर्ष एनआरओ खात्यात पडला तर एनआरईचा भाग नंतर वेगळा काढून देण्यास बँका सहसा तयार होत नाहीत.